भरवशाचा चंद्र

४ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. मोठी माणसं नोंदी ठेवतात आणि लोक त्या मागाहून शोधून काढतात, तो लोकांचा प्रश्न.

थोडक्यात पूर्वपीठिका. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत माझी नोकरी झाली. कोणती गाडी कधी येणार हे मी सांगायचो. गाडी यायची तेव्हा यायची, पण माझ्या खिडकीवरून माणूस उत्तराशिवाय परत गेला नाही. निवृत्तीला स्टाफने दुर्बीण दिली. साहेब भाषणात म्हणाले, आता तरी ह्यांना येणारी गाडी दिसो. लोक खूप हसले. साहेबांचे विनोद मला कधीच कळले नाहीत.

दुर्बिणीतून चंद्र बघायला लागलो आणि वेधशाळेला यंत्रं लावून जे जमत नाही ते मला दिसलं. पाऊस चंद्राच्या हातात आहे. अमावस्येनंतरची कोर वाटीसारखी सरळ असली की पाणी वर राहतं. कलली की सांडतं. इतकं सोपं आहे, म्हणूनच शिकलेल्या लोकांच्या लक्षात आलं नाही.

संकल्प: रोज अंदाज, रोज नोंद, रोज सकाळी फिरायला जाणे (उद्यापासून).

५ फेब्रुवारी. पौर्णिमा

फिरायला गेलो नाही. दुर्बिणीसाठी जागरण झालं.

चंद्राभोवती खळं होतं. मोठं खळं म्हणजे पाऊस जवळ की लांब, ह्यावर दोन मतं आहेत. दोन्ही माझीच आहेत. लांब, असं ठरवलं.

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने त्याच्या दरांच्या फळ्याचा खालचा अर्धा भाग मला दिला आहे. वर कटिंग आणि दाढी, खाली हवामान. आज लिहिलं: आठवडाभर कोरडं.

दुपारी मोरीतून गुळगुळ आवाज. खालून कोणी चूळ भरतंय असा. ही म्हणाली, ऐकलंत का. म्हटलं, ऐकलं. प्लंबरला फोन केला. उद्या येतो म्हणाला.

८ फेब्रुवारी

पाऊस.

जोरात पडला, पण वाऱ्याची दिशा बघता हा पाऊस आपला नव्हता, दुसरीकडे निघाला होता. नोंदीत धरत नाही.

सलूनवाला फळा पुसायला ओलं फडकं घेऊन उभा होता. फडक्याची गरज पडली नाही.

११ फेब्रुवारी

घराबद्दल लिहायचं राहिलं. तळमजला. खाडीपासून तीन गल्ल्या आत. खाडी दिसत नाही, वास येतो. निवृत्तीच्या पैशात घेतलं आणि फार स्वस्तात पडलं. विकणारा इतका घाईत होता की किल्ल्या हातात ठेवून चहासुद्धा न घेता गेला. व्यवहारात समोरच्याची नड ओळखता आली पाहिजे.

पुढचा हॉल मेहुण्याला दिलाय. हिचा धाकटा भाऊ. गाद्या आणि सोफे करतो. दिवसभर फोम कापायच्या लांब सुरीचा आवाज. मग बोळकांडीसारखा पॅसेज, आणि मागे दोन खोल्या. एकीत आम्ही, एकीत सासूबाई. सासूबाईंचे गुडघे गेलेत. त्या खाटेवरून उठत नाहीत, पण घरात काय चाललंय ते सगळ्यात आधी त्यांना कळतं.

मेहुणा मला दाजी म्हणतो आणि माझं ऐकून घेतो. ऐकून घेणारी माणसं आता फार राहिली नाहीत.

१३ फेब्रुवारी

प्लंबर आला. प्लंबरच्या भाषेत उद्या म्हणजे आठवडा. मोरीत बादली ओतली. पाणी सुळकन गेलं. कान लावून बसला. काही नाही. मला म्हणाला, काका, आवाज तुमच्या कानात असेल.

त्याला चार शब्द सुनावले. त्यानंतर आवाज पूर्ण बंद आहे. माणसांना धाक लागतो.

२१ फेब्रुवारी

काल अमावस्या. चंद्र नाही, त्यामुळे सुट्टी.

दुपारी मोरीतून काळं पाणी वर आलं. घोट्याइतकं. थोडा वेळ थांबलं आणि आलं तसं गेलं. फरशीवर काळी रेघ राहिली. वास असा की सासूबाईंनी आतून विचारलं, काय मेलंय.

ही म्हणाली, पुनवेला आवाज आला, अवसेला पाणी आलं. काहीतरी आहे ह्यात. मला हसू आलं. हिला कुठलाही संबंध कुठेही जोडायची सवय आहे. चंद्र आकाशात, मोरी घरात. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध?

सलूनवाल्याकडे बोललो. तो म्हणाला, खाडी फुगत असेल. त्याला सांगितलं, खाडी हे माझं खातं नाही. मी वरचं बघतो.

प्लंबरला फोन. उद्या येतो म्हणाला.

२३ फेब्रुवारी

कोर दिसली. वाटी. अगदी टेबलावर ठेवल्यासारखी. फळ्यावर लिहिलं: मार्चच्या मध्यापर्यंत थेंब नाही.

२५ फेब्रुवारी

थेंब.

२७ फेब्रुवारी

आज थेंब म्हणता येणार नाही. गल्लीत छत्र्या उलट्या झाल्या. वाटीला तडा असावा, दुर्बिणीतून दिसला नाही. दुर्बीण स्वस्तातली आहे. स्टाफने पैसे वाचवले.

विशेष म्हणजे गल्लीतल्या बऱ्याच लोकांकडे आज छत्र्या होत्या. फळ्यावर कोरडं लिहिलेलं असताना! लोक फळा वाचत नाहीत असं वाटलं म्हणून सलूनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, नाही, सगळे वाचतात. अगदी वाचूनच बाहेर पडतात. बरं वाटलं.

१ मार्च

प्लंबर आला. मोरी कोरडी ठणठणीत. मला म्हणाला, काका, एकटे वाटत असेल तर फोन करा, पण मोरीचं कारण सांगू नका.

७ मार्च, रात्री

हे शांतपणे लिहितो आहे.

काल पौर्णिमा झाली. आज दुपारी बारानंतर मोरीतून पाणी वर आलं, उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये आलं आणि हॉलपर्यंत गेलं. मेहुण्याच्या खालच्या दोन गाद्या ओल्या झाल्या. बाहेर लख्ख ऊन. तासाभरात पाणी परत गेलं.

पाणी गेल्यावर मोरीत एक खेकडा उरला. बादलीखाली. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. हिने त्याला सुपलीत घेऊन बाहेर सोडलं. तो खाडीच्या दिशेने गेला, अजिबात न चुकता. चौकशी न करता.

मेहुणा ओल्या गाद्या उन्हात टाकत होता. त्याला सांगितलं की हवेतली आर्द्रता वाढली की फोम पाणी धरतो. तो म्हणाला, दाजी, पाणी खालून आलं. म्हटलं, आर्द्रता सगळीकडून येते.

सासूबाईंनी सांज झाल्यावर मला बोलावलं. म्हणाल्या, जावईबापू, जमिनीखाली कोणीतरी बोलतंय. मी विचारलं, काय बोलतंय. त्या म्हणाल्या, कळत नाही, पण एकटं नाहीये.

वय झालं की असं होतं. त्यांच्या खाटेखाली वाकून बघितलं. फरशीच्या फटींतून बारीक बुडबुडे आले होते आणि सुकले होते. भिंत खालच्या बाजूने पांढरी पडली आहे. बोटाला पीठ लागतं. चुन्याचा दर्जा.

८ मार्च

झोप नाही. घर झोपल्यावर आपणच एकटे जागे आहोत असं वाटत नाही. हे वाक्य उद्या खोडायचं.

१४ मार्च

प्लंबर. काही नाही. पैसे घेतले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

१६ मार्च

फळ्यावर लिहिलं: उद्या पाऊस. खरं तर चंद्र बघितला नाही, पडसं होतं. आतून वाटलं.

१७ मार्च

पाऊस! दुपारी. दाणदाण. सलूनमध्ये गेलो. तिथे सगळे भिजलेले. फळा वाचून छत्री घरी ठेवून निघाले होते म्हणे. का, ते विचारलं नाही. यशाच्या दिवशी लोकांच्या तक्रारी ऐकायच्या नसतात.

१९ मार्च

काल लिहिलं होतं: पुन्हा पाऊस. पुन्हा पडला. ओळीने दोन. मेहुणा संध्याकाळी मुद्दाम खोलीत आला. म्हणाला, दाजी, तुम्हाला मानलं बुवा. मी दुर्बीण पुसत बसलो. विनय सुटता कामा नये.

त्याला मोठी ऑर्डर मिळाली आहे. नव्या हॉटेलच्या सगळ्या खोल्यांच्या गाद्या. आठ एप्रिलला द्यायच्या. इतकं मोठं काम त्याला आजवर मिळालं नव्हतं. त्याने हे सांगितलं तेव्हा ही स्वयंपाकघरातून हात न पुसता बाहेर आली. सासूबाईंनी आतून विचारलं, झोपायला मऊ ना रे? तो म्हणाला, आई, राजासारख्या.

२२ मार्च

अमावस्या काल झाली. ह्या वेळी पाणी पॅसेजमध्ये घोट्याच्या वर. गल्लीतल्या गटाराचं लोखंडी झाकण आपोआप वर उचललं जात होतं आणि खाली बसत होतं. ठण. ठण. कोणी आतून दार वाजवतंय असं. मुलं जमली होती, मग गेली. कोणी हसत नव्हतं.

दुसरी गोष्ट. आमच्या जिन्यावरून उंदीर वर गेले. एकामागोमाग. घाईत नाही, सामान हलवल्यासारखे. वरच्या मजल्यावरचे लोक माझ्यावर ओरडले. जणू उंदीर माझ्या हुकमात आहेत.

नगरपालिकेला फोन केला. त्यांनी तक्रार लिहून घेतली. घेणारा माणूस फार आत्मविश्वासाने म्हणाला, होऊन जाईल. आवाज ओळखीचा वाटला. म्हणजे माणूस नाही, आवाज. आमच्या धंद्यातला.

२३ मार्च

कोर. ह्या महिन्याची कोर मी आयुष्यात विसरणार नाही. अशी वाटी की त्यात मीठ-भाकरी खावी. एक थेंब सांडणार नाही.

आणि नेमका आजच मेहुण्याने विचारलं. सलूनच्या वर दुसऱ्या मजल्यावर एक मोठी खोली रिकामी आहे. तयार गाद्या तिकडे ठेवाव्यात, असं त्याच्या मनात होतं. भाडं जास्त आहे, शिवाय सगळ्या गाद्या जिन्याने वर न्यायच्या आणि परत खाली आणायच्या. म्हणाला, दाजी, पाऊस नसेल तर इथेच ठेवतो. नक्की ना?

बसस्थानकावर मला नक्की ना असं दिवसातून शंभर जण विचारायचे. पण त्यांना तिसऱ्या नंबरची गाडी हवी असायची. ह्याने आपलं सगळं काम पुढ्यात ठेवून विचारलं. 

म्हटलं, एप्रिलच्या मध्यापर्यंत थेंब नाही. तुझ्या गाद्यांना पाण्याचं बोट लागलं तर दाजी म्हणू नकोस.

ही भाजी निवडत होती. म्हणाली, आणि खालून आलं तर? म्हटलं, ते दर वेळी जातं की.

२९ मार्च

कोरडं. फळ्याखाली माझी सही करायला सुरुवात केली.

हॉल भरला. उरलेल्या गाद्या कुठे ठेवायच्या ह्यावर मेहुणा गोंधळला होता. माझी कल्पना: पॅसेजमध्ये, दोन्ही बाजूंना, छतापर्यंत उभ्या. मधून एक माणूस तिरका जाईल एवढी वाट. सासूबाईंचं जेवण घेऊन ही आडवी जाते. पोट आत घेऊन. जागेचा असा उपयोग आजवर कोणी केला नसेल.

३ एप्रिल

कोरडं. ऊन भयंकर. आकाश तासल्यासारखं स्वच्छ. सलूनमध्ये दाढीचे पैसे घेतले नाहीत. आरशात बघितलं तर चेहऱ्यात फरक पडलाय. अधिकार दिसतो.

प्लंबर रस्त्यात भेटला. म्हणाला, काका, बरे आहात ना. म्हटलं, आकाशाकडे बघ.

५ एप्रिल. पौर्णिमा

कोरडं.

दुपारी मात्र गल्लीच्या खालच्या टोकाला गटारातून पाणी. इतकं कधी नव्हतं. आमच्या पहिल्या पायरीला लागलं आणि थांबलं. वर ऊन, खाली पाणी, मध्ये वारा नाही. कुत्री रस्ता सोडून दुकानांच्या फळ्यांवर चढून बसली होती आणि भुंकत नव्हती.

हिने संध्याकाळी विषय काढला. आईला दोन दिवस सलूनवाल्याच्या वरच्या खोलीत नेऊ. त्याला विचारलंय, तो हो म्हणालाय. भाऊ उचलून नेईल.

मी नाही म्हटलं. खाली फळ्यावर मी सही करून कोरडं लिहिणार आणि त्याच फळ्याच्या डोक्यावर माझी सासू पाण्याला भिऊन जाऊन बसणार? लोक काय म्हणतील? ही उठली. आईच्या खोलीत गेली आणि खाटेच्या चार पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या. विटा तिने आधीच आणून ठेवल्या होत्या असं दिसतं.

सासूबाई वरून म्हणाल्या, आता मी तुमच्या चंद्राच्या जवळ आले, जावईबापू.

८ एप्रिल, हॉस्पिटलचं बाकडं

दोन दिवस लिहिलं नाही. क्रमाने लिहितो.

सहा तारखेला साडेअकराला मी सलूनमध्ये होतो. मेहुणा हॉटेलवाल्यांशी परवाच्या टेम्पोचं बोलायला गेला होता. घरात ही आणि सासूबाई. मी खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना ओळीने सगळे कोरडे दिवस सांगत होतो. एक जण म्हणाला, काका, पाय वर घ्या. खाली बघितलं तर सलूनच्या फरशीवर कापलेले केस तरंगत होते.

बाहेर आलो. गल्लीचं झाकण निघून पडलं होतं आणि भोकातून पाणी उकळल्यासारखं येत होतं. वर निळं आकाश. एकही ढग नाही, हे मी सगळ्यांना दाखवलं. खरंच दाखवलं. हात वर करून.

मग म्हटलं, पाइप फुटला. तिथेच पायरीवर उभा राहून नळखात्याला फोन लावला. त्यांनी थांबायला सांगितलं. मी थांबलो. फोनमध्ये गाणं वाजत होतं. माझ्या गुडघ्याला पाणी लागलं तेव्हा गाणं दुसऱ्यांदा सुरू झालं होतं.

घरात गेलो. ही पॅसेजच्या तोंडाशी उभी होती, पाणी मांडीपर्यंत. मी म्हटलं, घाबरू नको, पाइप आहे, कळवलंय. तिने बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. म्हणाली, खारट आहे. समुद्र आहे हा.

मीही चाखलं. खारटच होतं.

मग तिने सांगितलं की आई आत आहे आणि वाट बंद झालीय.

पॅसेजमधल्या गाद्या पाणी पिऊन सुजल्या होत्या आणि एकमेकींवर कलंडल्या होत्या. माणूस जाईल एवढी वाट राहिली नव्हती, हात जाईल एवढीही नव्हती. मी ढकलल्या. ओली गादी ढकलून बघितल्याशिवाय कळत नाही. मेलेल्या बैलासारखी. आतून सासूबाईंचा आवाज येत होता, ओरडण्याचा नाही. त्या सांगत होत्या, पाणी खाटेच्या पट्टीला लागलं. मग, चादरीला लागलं. शांतपणे. गाड्या सांगाव्यात तशा.

खोलीला खिडकी आहे, पण गज आहेत. गज मीच बसवून घेतले होते, चोरांसाठी.

ही मला म्हणाली, अजून चढणार का आता उतरणार, ते सांगा. एवढं तरी सांगा. मला माहीत नव्हतं. चंद्राबद्दल मला इतकं माहीत आहे, आणि हे नव्हतं. मी वर छताकडे बघितलं.

तेवढ्यात मेहुणा आला. गल्लीतून पोहतच आला म्हटलं तरी चालेल. त्याने एकदा पॅसेजकडे बघितलं, एकदा बहिणीकडे. माझ्याकडे नाही. हॉलमध्ये भिंतीवर लावलेली लांब सुरी घेतली आणि पहिली गादी वरून खालपर्यंत फाडली. मग दुसरी. त्याचं काम इतकं पक्कं आहे की त्यालाच फाडता येईना. शिवण तुटेना. तो रडत होता की पाणी होतं ते सांगता येणार नाही. मी मागे उभा राहून फोमचे तुकडे ओढून हॉलमध्ये टाकत होतो. हॉलमध्येही त्याच्याच गाद्या होत्या, तरंगत होत्या, छापील कापडाची बाजू वर करून.

किती गाद्या फाडल्या मोजलं नाही. त्याने मोजलं असणार.

आत पोहोचलो तेव्हा सासूबाई उशीला धरून बसल्या होत्या. पाणी छातीला. ओठ निळे. मेहुण्याने त्यांना खांद्यावर घेतलं. त्या त्याला म्हणाल्या, अरे, तुझ्या गाद्या. बाकी काही नाही.

दीडनंतर पाणी उतरलं. गुपचूप. पाहुणा उठून जावा तसं.

डॉक्टर म्हणतात छातीत पाणी गेलंय, लक्ष ठेवावं लागेल. आज हॉटेलला गाद्या द्यायचा दिवस. मेहुणा पलीकडच्या बाकड्यावर बसलाय. तळहाताला सुरीने लागलेलं आहे, पट्टी बांधलीय. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. माझी उत्तरं तयार होती.

बाहेर अजूनही कोरडं आहे. ही नोंद केवळ नोंद म्हणून.

११ एप्रिल

सासूबाईंचा ताप उतरला. मला बघून म्हणाल्या, जेवलात का. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

सलूनवाला भेटायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, भरती कधी, किती, हे रोज पेपरात येतं की काका. चंद्रोदयाच्या बरोबर खाली छापतात. मी रोज तो चौकोन वाचतो. चंद्रोदयापर्यंत.

अमावस्या-पौर्णिमेला खाडी फुगते आणि ह्या दिवसांत सगळ्यात जास्त, असंही तो म्हणाला. म्हटलं, हे आधी सांगायचं. तो म्हणाला, सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, माझं खातं नाही.

फळा पुसला का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. वाटेत दिसला. भरतीने खालचा अर्धा भाग धुऊन नेला होता. दर तसेच आहेत.

१४ एप्रिल

हॉटेलने ऑर्डर दुसऱ्याला दिली. मेहुणा त्याच दुसऱ्याकडे कामाला लागला. त्याच हॉटेलच्या गाद्या शिवतो आहे.

ही म्हणाली, आईला घेऊन त्या घरात पाऊल टाकणार नाही. सलूनवरची खोली मेहुण्याने भाड्याने घेतली आहे. चौघांची सोय होईल. मी म्हटलं, मी इथेच राहीन, आता भरतीचाही अभ्यास करायचा आहे, दोन्ही खाती एकत्र केली तर माझ्याएवढा माणूस ह्या शहरात... ती माझ्या कपड्यांची बॅग भरत होती. थांबली नाही. म्हणाली, त्या खोलीच्या खिडकीसमोर भिंत आहे. आकाश दिसत नाही. बघूनच घेतलीय.

१८ एप्रिल

दुसरा मजला. कोरडा. सासूबाईंची खाट खिडकीशी, माझी दाराशी. उद्या-परवा अमावस्या. खाली आमच्या घरात पाणी भरेल. घराला गिऱ्हाईक लावलंय. एक जण येऊन बघून गेला, ओहोटीच्या वेळी. मला विचारलं, पाणी वगैरे येतं का. मी तोंड उघडलं. मेहुणा मागे उभा होता. तो म्हणाला, येतं. छातीपर्यंत. सहा तारखेपासून त्याने माझ्यासमोर काढलेला तो पहिला शब्द. माणूस चहा पिऊन गेला.

रात्री जेवताना मेहुण्याने भात माझ्याकडे सरकवला. दाजी म्हणाला नाही. पण सरकवला.

२१ एप्रिल, सकाळी

सगळे कामाच्या घाईत. ही बादलीत धुतलेले कपडे घेऊन दारात उभी. गच्ची वर आहे. सासूबाईंनी खाटेवरून विचारलं, पाऊस येईल का हो आज?

कोणाला विचारलं ते स्पष्ट नव्हतं. सवयीने विचारलं असावं. मेहुणा चपला घालत होता, तो थांबला. ही थांबली. मी म्हटलं, माहीत नाही.

मेहुणा निघून गेला. ही वर जाऊन कपडे वाळत घालून आली.

खरं म्हणजे पाऊस येणार नाही हे मला अगदी नक्की माहीत होतं. सांगितलं नाही, इतकंच.

दुपारी अडीच

आला. ही बाहेर गेली होती. कपडे मीच काढले. अर्धे भिजले.